गार्डसाहेबांचा मंतरलेला विडा

ज्याचे नाव घेतल्यावाचून आमच्याकडे चुलीवर आधणही चढत नाही, त्या मंगलमूर्तीच्या चरणी मस्तक ठेवतो. वाणीची देवता शारदा, तिला वंदन करतो. आणि ज्या शिवनाथ नदीकाठच्या भूमीने आम्हा परगावच्या माणसांस अन्न व आसरा दिला, तिलाही हात जोडतो. निमित्त असे की, आमच्या भिलाईच्या मराठी मंडळाच्या चिटणीस मुलीने यंदाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी "आजोबा, जुन्या नाटकांविषयी लिहा," अशी आज्ञा केली आहे. नाटकांविषयी लिहिण्याचा माझा अधिकार नाही. मी शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि मंडळाच्या गणपतीची पूजा सांगत असे. नाटके मी पूजेच्या पाटावरून, म्हणजे एका बाजूने, पाहिली. तिथून रंगमंच अर्धाच दिसतो. परंतु विंगेत उभा असलेला माणूस मात्र संपूर्ण दिसतो. आमच्या विंगेत शंकररावजी देवतळे उभे असत. लिहायचे ते त्यांच्याविषयीच लिहितो.

शंकररावजींना सारी वसाहत गार्डसाहेब म्हणे. मूळचे ते नागपूरकडचे. मालगाडीचे गार्ड म्हणून रेल्वेत आयुष्याचा मोठा भाग काढून, भिलाईच्या पोलाद कारखान्याची उभारणी चालू असताना ते कारखान्याच्या आतल्या यार्डात आले. वसाहतीचे सेक्टर तेव्हा बहुतांशी नकाशावरच होते. जे बांधून झाले होते त्यांच्यातील क्वार्टर्स इतकी एकसारखी होती, की पाळीवरून परतलेला मनुष्य शेजारच्या घरात शिरून पाय धुवी आणि मग ओळखीची तपेली न दिसल्याने बाहेर येई. लाल मातीमुळे पांढरे धोतर आठवड्यात भगवे होई. मला त्यामुळे विनासायास संन्यास घडला.

गार्डसाहेबांनी या घोटाळ्यावर उपाय काढला. आपल्या क्वार्टरच्या दाराला त्यांनी एक लाल झेंडी बांधली. घरच्या माणसांना घर ओळखू येऊ लागले. परंतु त्याच सुमारास पुढच्या रस्त्याला खोदकाम चालू असल्याने ठेकेदाराचे ट्रक लाल झेंडी पाहून त्यांच्या दाराशी थांबू लागले. एकामागे एक ट्रक उभे राहिले. चालकांनी तिथेच विडी पेटवली, काहींनी स्वयंपाक मांडला. गार्डसाहेबांच्या पत्नी, म्हणजे त्यांची मुलगी कुमुद हिच्या आई, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे काय जी? दारात बरात काहून येऊन राहिली?"

गार्डसाहेबांनी ट्रकांकडे पाहिले. "लाल झेंडी पाहून थांबले. हे त्याईचं बरोबर हाय."

"अन् तुमचं?"

"माझं बी बरोबर हाय."

ट्रक कसे गेले हे मला ठाऊक नाही. झेंडी राहिली.

उंच, कृश, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला पांढरा कोट, छातीवर दोरीला शिट्टी. त्यांच्या चेहऱ्यावर भाव येत नसत असे म्हणणारे अन्याय करीत. भाव येत, पण विलंबाने येत, आणि तोवर प्रसंग निघून गेलेला असे. सोमवारी सांगितलेल्या विनोदाबद्दल त्यांना गुरुवारी आरतीच्या वेळी मान डोलावताना मी स्वतः पाहिले आहे.

चालताना ते सर्वांच्या मागे चालत. बाजाराला निघाले म्हणजे पुढे पत्नी, मध्ये कन्या कुमुद आणि शेवटी गार्डसाहेब. तेही दर काही पावलांनी मागे वळून पाहणारे. मालगाडीचा गार्ड आयुष्यभर शेवटच्या डब्यात बसतो. गाडी मध्येच तुटून अर्धी वाटेत राहिली नाही ना, हे शेवटचा डबा पाहूनच कळते. "शेवटचा डबा दिसल्याबिगर गाडी आली म्हणू नये," हे त्यांचे वाक्य साऱ्या सेक्टरात प्रसिद्ध होते. लग्नाच्या पंगतीत शेवटचा मनुष्य उठल्याशिवाय ते उठत नसत. त्यामुळे वाढपी त्यांच्यावर रुष्ट असत.

कुमुदची आई म्हणत, "जरा समोर बी पाहत जा ना! मागं कोण पळून चाललं?"

"समोर पाह्याले लोक हायेत," ते उत्तर देत.

आता नाटकाकडे येतो.

मंडळाकडे एका जुन्या संगीत प्रहसनाची पोथी होती. तिचे पहिले पान एका वादळात उडून गेले होते, म्हणून सर्वजण तिला 'विड्याचं नाटक' म्हणत. कथा अशी: एका वनात एक खोडकर यक्ष राहतो. त्याच्याजवळ मंतरलेला विडा आहे. तो विडा जो खाईल तो डोळे उघडताच जे माणूस प्रथम दिसेल त्याच्या प्रेमात पडेल. एक राजकन्या आणि एक राजपुत्र परस्परांवर अनुरक्त होऊन घर सोडून वनात येतात. यक्ष गंमत म्हणून विडा राजपुत्राच्या हातून लांबवतो आणि राजवाड्यातून पळालेल्या एका आचाऱ्याच्या हाती देतो. आचारी तो राजकन्येला भरवतो. राजकन्या आचाऱ्याच्या झाऱ्यावर, काजळीवर आणि पोटावर लुब्ध होते. राजपुत्र झाडाला डोके आपटतो. आणि पुढचे दोन अंक हा गुंता सोडवण्यात जातात.

आमच्याकडे अडचण निराळी होती. नट पाळ्यांमध्ये काम करणारे. कोणी रात्रपाळी करून तालमीला येई आणि वनात खरोखरच झोपे. कोणी केव्हा रंगमंचावर जायचे याचा मेळ राहत नसे. एका तालमीत दोन आचारी आत गेले. त्यांपैकी एक आचारी नव्हताच, तो पाणी द्यायला आला होता. तेव्हा मंडळाने गार्डसाहेबांना पाचारण केले. त्यांनी तालीम पाहिली, खाली बसले, आणि निर्णय दिला: "हे नाटक नाही जी, हे यार्ड हाय. डबे चार अन् रूळ एकच."

त्यांनी रेल्वेचा नियम लावला. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून चालकास स्टेशनातून एक गोळा देतात. त्याला टोकन म्हणतात. ज्याच्या हाती टोकन, मार्ग त्याचा. हाती टोकन नसेल तर राजाधिराज असला तरी त्याने हलायचे नाही. गार्डसाहेबांनी ठरवले की वनाच्या प्रवेशात विडा हेच टोकन. ज्याच्या हाती विडा तोच आत जाईल. बाहेर आला की विडा गार्डसाहेबांकडे देईल, आणि ते पडद्यामागून पलीकडच्या विंगेत जाऊन पुढच्या पात्राच्या हाती ठेवतील. शिवाय हिरवी झेंडी दाखवल्यावाचून पाऊल टाकायचे नाही.

आचाऱ्याची भूमिका टाइम ऑफिसातील मोरेश्वर नावाच्या कारकुनाकडे होती. तो तोंडाळ होता. "गार्डसाहेब, मी वाक्य विसरलो तं कोणती झेंडी दाखवसान?"

"तुह्यासाठी शिट्टी हाय."

पंधरवड्यात तालीम घड्याळासारखी चालू लागली. मी एकदा विचारले, "शंकररावजी, हे प्रहसन आहे. प्रेक्षकांना हसू यावे अशी यात काही योजना आहे काय?"

ते गंभीरपणे म्हणाले, "शास्त्रीजी, हसू त्याईचं त्याईनं आणावं. आपण टायमावर गाडी सोडावी."

राजकन्येची भूमिका कुमुदकडे होती. मंडळाच्या रंगमंचावर मुलीने उभे राहण्याचा तो पहिलाच प्रसंग. त्यापूर्वी आमच्या राजकन्यांना दाढी करावी लागे. काही ज्येष्ठांनी नाके मुरडली, तेव्हा गार्डसाहेब एवढेच म्हणाले, "विंगेत मी हाय," आणि चर्चा संपली. राजपुत्र झाला होता डिझाइन ऑफिसातील नकाशे काढणारा वसंत ठोंबरे, वर्ध्याकडचा, अत्यंत लाजाळू तरुण. तालमीबाहेर तो कुमुदशी एक अक्षर बोलत नसे. तालमीत मात्र "प्रिये, तुझ्यावाचून हे वन मला वैराण आहे" हे वाक्य तो असे म्हणे की, पाणी देणारा मनुष्य घागर ठेवून ऐकत उभा राही. कुमुदही दुसऱ्या कोणाशी बोलताना वाक्ये विसरे, त्याच्याशी बोलताना कधी विसरली नाही. त्या दोघांपाशी परस्परांशी बोलायला नाटककाराचीच वाक्ये होती, आणि ती त्यांनी काटकसरीने, पुन्हा पुन्हा वापरली.

मोरेश्वर मला म्हणाला, "शास्त्रीजी, अख्ख्या सेक्टरले समजून राहिलं. फक्त विंगेले नाही समजून राहिलं."

विंगेला कसे समजणार? विंग झेंड्या सांभाळत होती. इतकेच नव्हे, तर गार्डसाहेबांनी त्याच महिन्यात कुमुदचे लग्न नागपूरला जवळजवळ पक्के केले होते. मुलगा सुधाकर, रेल्वेच्या कचेरीत नोकरीला. त्याचे मामा आबाजी, त्या घरातील कर्ते पुरुष. हे दोघे गणेशोत्सवाला येणार, नाटक पाहणार आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुपारी फुटणार, असे ठरले. कुमुदच्या आईने माझ्यासमोर एकवार म्हटले, "पोरीले एकदा विचारा तरी."

"विचारायचं काय त्यात? मी नागपूरले लाइन क्लिअर देलं." मग माझ्याकडे वळून त्यांनी समजावले, "म्हणजे कसं, पुढचं स्टेशन सांगते का आमचा रूळ खाली हाय, मोकळा हाय, पाठवा गाडी. हे एकदा सांगितलं का शब्द झाला."

"रूळ खाली हाय हे तुमाले कोणं सांगितलं?" बाई म्हणाल्या.

गार्डसाहेबांनी या प्रश्नाचा विचार केला असावा. परंतु त्यांच्या नेहमीच्या गतीने.

नाटकाचा दिवस उजाडला. गार्डसाहेबांनी दुर्गच्या बाजारातून पाने आणून स्वहस्ते विडा बांधला: कात, चुना, सुपारी, वर लवंग टोचलेली. सायंकाळच्या पूजेपूर्वी तो त्यांनी गणपतीसमोरच्या ताटात ठेवला. यार्डात नवे इंजिन पूजा केल्यावाचून रुळावर आणीत नाहीत. टोकन तरी तसेच कसे वापरावे, असा त्यांचा विचार. मी त्यावर इतर साहित्याप्रमाणेच हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या. ताटात इतरही विडे होते. आरती झाली, दिवे लागले, मंडप भरला. पुढच्या रांगेत आबाजी फेटा बांधून बसले होते आणि शेजारी सुधाकर. हा तरुण गोरटेला, गुबगुबीत, स्वभावाने अतिशय निर्मळ. पहिल्या अंकात तो इतका हसला की त्याचा चष्मा दोनदा खाली पडला. कारखाना उभारण्यासाठी रशियातून आलेले एक इंजिनियरही होते. ते प्रत्येक प्रवेशाच्या आरंभी टाळ्या वाजवीत.

दुसरा अंक, वनाचा प्रवेश. राजपुत्र विडा घेऊन राजकन्येला शोधत उजव्या विंगेत गेला. आता राजकन्या मध्यभागी डोळे मिटून बसते, वनदेवतेकडे प्रसाद मागते, आणि डाव्या विंगेतून आचारी विडा घेऊन येतो. गार्डसाहेब डाव्या विंगेत होते. विडा आणायला ते पडद्यामागे वळले आणि थबकले. दुसऱ्या दिवशीच्या महाप्रसादाचे भोपळे, कोबीचे ढीग आणि दोन प्रचंड कढया स्त्रियांनी नेमक्या त्या वाटेवर आणून मांडल्या होत्या. वाट उरली नव्हती. विडा उजवीकडे वसंताच्या हातात. आचारी डावीकडे रिकाम्या हाताने.

मी पाटावर बसलो होतो, म्हणून पुढचे संभाषण मला ऐकू आले.

"गार्डसाहेब, जाऊ काय?" मोरेश्वर म्हणाला.

"टोकन कुठं हाय?"

"अहो, त्या ताटात विडेच विडे पडले हायेत. एक उचलतो अन् जातो!"

"एका सेक्शनले एकच टोकन."

"पोरगी डोळे मिटून बसली हाय जी!"

"बसू दे. गाडी उभी राह्यली तं कोणी मरत नाही. दोन टोकन निंगाले का मरतात."

राजकन्या हात पुढे करून बसली होती. प्रार्थनेची वाक्ये संपली. तिने ती पुन्हा म्हटली. तीही संपली. काही वृद्ध स्त्रियांना हा भक्तीचा प्रसंग वाटून त्यांनी हात जोडले. रशियन साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मोरेश्वर पुढे सरला. गार्डसाहेबांनी फाटकाच्या आडव्या दांड्यासारखा हात त्याच्या छातीवर आडवा धरला. मग त्यांनी समोरच्या विंगेकडे पाहिले. तिथे वसंत उभा होता, हातात विडा. ज्याच्या हाती टोकन, मार्ग त्याचा. याखेरीज दुसरा नियम त्यांना ठाऊक नव्हता. त्यांनी काखेतून हिरवी झेंडी काढली आणि वसंताला दाखवली.

वसंताने झेंडी पाहिली. मग चालत आला. गुडघे टेकून त्याने विडा पुढे केला. कुमुदने अर्धा तोडला. उरलेला अर्धा, पोथीत आचारी खातो त्याप्रमाणे, त्याने खाल्ला. तिने डोळे उघडले. इथे तिला झाऱ्यावर आणि काजळीवर एक दीर्घ भाषण होते. ते तिने म्हटले नाही. तिने पोथीत नसलेला एकच शब्द उच्चारला.

"आलात?"

तोही पोथीबाहेरचेच बोलला. "आलो."

विंगेत मोरेश्वर म्हणाला, "अन् माझं काय?"

"तुही गाडी रद्द," गार्डसाहेब म्हणाले.

नाटकाचा गुंता अशा रीतीने दुसऱ्या अंकाच्या मध्यावरच सुटला, आणि पुढे दोन अंक शिल्लक होते. परंतु तेवढ्यात पुढच्या रांगेतून आबाजी उभे राहिले.

"थांबवा हे!" ते म्हणाले. "मी पाह्यलं हाय. हा विडा देवापुढं होता. त्यावर अक्षता पडल्या. चार वडीलधाऱ्यांदेखत बिनलग्नाच्या पोरानं बिनलग्नाच्या पोरीले तो देला, अन् दोघांनी अर्धा अर्धा तोडला. लग्नात याहून वेगळं काय होते? उद्या आम्ही सुपारी कायची फोडू? ती फुटली!"

मंडपात कुजबूज झाली. ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. आमच्याकडे लग्न ठरले याची खूण म्हणजे देवासमोर घेतलेला विडा आणि सुपारी. ती एकदा घेतली की मुलगी त्या घरची झाली असे लोक धरतात. आणि अशी मुलगी दुसऱ्या घरी दिली तर जन्मभर कोणी ना कोणी बोट दाखवतो. गार्डसाहेब झेंड्या काखेत मारून रंगमंचावर आले. राजकन्या आणि राजपुत्र जसेच्या तसे बसून होते; पडदा ओढणाराही ऐकत उभा होता.

"शास्त्रीजी," गार्डसाहेब मला म्हणाले, "आबाजी म्हणून राहिले ते खरं हाय काय? तुमी सांगा. तुमी सांगसान तसं."

मी पाटावरून उठलो. शब्द तोलून बोलणे हाच माझा धर्म, म्हणून तसाच बोललो. "आबाजी, आपला आक्षेप आदरणीय आहे. परंतु कोणतेही धर्मकृत्य संकल्पावाचून सिद्ध होत नाही. मनात 'मी हे देतो, मी हे घेते' असा निश्चय नसेल, तर हाताने दिलेले दिले जात नाही आणि घेतलेले घेतले जात नाही. रंगमंचावरील राजा राज्य करीत नाही. तसाच हा विडा. यांच्या मनी संकल्प नव्हता; सबब काहीही घडलेले नाही."

आबाजींचा फेटा हलला. ते समाधान पावून खाली बसू लागले होते. सर्व काही मिटले होते. परंतु गार्डसाहेब म्हणजे गार्डसाहेब. शेवटचा डबा पाहिल्यावाचून गाडी आली असे ते म्हणणारे नव्हेत. ते कन्येकडे वळले.

"कुमे, शास्त्रीजी म्हणतात का तुह्या मनात तसं काही नव्हतं. बरोबर हाय ना? सांग अन् मोकळी हो."

कुमुद उठून उभी राहिली. डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट होता. तो तिने काढला.

"होतं, बाबा," ती म्हणाली.

"काय होतं?"

"संकल्प."

गार्डसाहेबांनी वसंताकडे पाहिले. "तुहा?"

"हो, साहेब." वसंताचा आवाज इतका बारीक होता की मागच्या रांगांना तो पुढच्या रांगांनी सांगितला.

मग ते माझ्याकडे वळले. "आता, शास्त्रीजी?"

"आता," मी म्हणालो, "माझ्या बोलण्याचा अर्थ मी केला होता त्याच्या उलट होतो."

मला गार्डसाहेबांचा चेहरा अजून दिसतो. त्यावर काहीच नव्हते. त्यांनी नागपूरला शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द मागे घेतल्याचे त्यांच्या नोकरीत किंवा संसारात एकही उदाहरण नव्हते. एका बाजूस तो शब्द, दुसऱ्या बाजूस मुकुट हातात धरलेली मुलगी. कुमुदची आई बायकांमध्ये उभ्या राहिल्या होत्या. पदराचा बोळा त्यांनी तोंडात धरला होता. बाहेरून यार्डातील इंजिनाची शिट्टी ऐकू आली.

अखेर ते रंगमंचावरून खाली उतरले, आबाजींसमोर गेले आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"आबाजी, मी तुमाले लाइन क्लिअर देलं होतं. रूळ खाली हाय समजून देलं. रुळावर गाडी उभी होती. मले दिसली नाही, काहून का मी मागं पाहून राहिलो होतो. रूळ खाली नसताना देलेलं लाइन क्लिअर वापस घ्या लागते जी. नाही घेतलं तं अपघात होते, अन् मरते तो गाडीतला माणूस. शब्द मोडला तो मी मोडला. पोरीले काही म्हणू नका."

आबाजी संतापले होते. संतापण्याचा त्यांना अधिकारही होता. "पाव्हण्याले बलावून मांडवात हे दाखवता? चाल रे सुधाकर, उठ! रात्रीची गाडी भेटते अजून."

सुधाकर उठला नाही. "मामा, बसा ना जी जरा."

"आता काय पाह्यचं राह्यलं?"

"आचाऱ्याचं राह्यलं ना," तो कळवळून म्हणाला. "त्याले कोणीच नाही भेटलं अजून."

या वाक्यावर प्रथम कुमुदची आई हसल्या, रडता रडता. मग सगळा मंडप हसला. आबाजी बराच वेळ उभे होते. मग एवढ्या लोकांत एकटेच उभे आहोत हे ध्यानात येऊन बसले. मोरेश्वर ताटातला दुसरा विडा उचलून, कोणाचीही अनुमती न घेता, शिट्टीकडे दुर्लक्ष करून आत शिरला आणि त्याने तो यक्षालाच भरवला. यक्ष त्याच्या प्रेमात पडला. उरलेले दोन अंक त्यावर निभावले. पोथीच्या कर्त्याने क्षमा करावी.

सर्वांना वाटले, कार्तिकात तुळशीचे लग्न झाले की कुमुदचे लग्न उरकेल. गार्डसाहेबांनी नकार दिला. वसंत नको होता म्हणून नव्हे. "ज्या गाडीले आपण सिग्नलवर थांबवलं, ती आधी काढा लागते," ते म्हणाले. सुधाकरचे लग्न जुळल्यावाचून आपल्या दारी मांडव घालायचा नाही, असे त्यांनी ठरवले. सुट्टीच्या दिवशी ते पांढरा कोट चढवून निघत. राजनांदगाव, डोंगरगड, गोंदिया, भंडारा, लाइनीवरचे एक मराठी घर त्यांनी सोडले नाही. कुमुदची आई माझ्याकडे येऊन म्हणत, "शास्त्रीजी, दुनियेतले बाप आपल्या पोरीसाठी पोरगा पाह्यतात. हे पाव्हण्याच्या पोरासाठी पोरगी पाहून राहिले!" वसंत तेवढे दिवस निमूटपणे नकाशे काढीत राहिला. मोरेश्वर त्याला 'आउटर सिग्नलवर थांबलेली पॅसेंजर' म्हणे.

गोंदियास एक स्थळ सापडले. मुलगी शिकलेली, घर चांगले, पत्रिका मी पाहिली होती. म्हणून त्या प्रसंगी गार्डसाहेबांनी मलाही सोबत नेले. मुलीच्या वडिलांनी होकार दिला, आईने दिला, आजोबांनी दिला. गार्डसाहेब म्हणाले, "पोरीले विचारतो." मुलीने मान हलवली. "तसं नाही. तोंडानं सांग, बाई. पोरगा चांगला हाय, पण हसते लय." मुलगी म्हणाली, चालेल. "मनात दुसरं कोणी असंल तं आता सांग. उद्या सांगशीन तं मले अजून एकाच्या पाया पडा लागन." ती लाजून म्हणाली, नाही. गार्डसाहेबांनी चहा घेतला आणि निघताना दारातून परत आत येऊन पुन्हा विचारले. तेव्हा मुलीचे वडील किंचित रागाने म्हणाले, "साहेब, आमच्या पोरीच्या शब्दावर तुमचा भरोसा नाही काय?"

"तिच्या शब्दावर हाय जी," गार्डसाहेब म्हणाले. "बापाईच्या शब्दावर नाही."

ते लग्न थाटात झाले. आबाजींनी पंगतीत गार्डसाहेबांना स्वतः आग्रह करून जिलेबी वाढली. पुढच्याच मुहूर्तावर मी कुमुद आणि वसंताच्या हाती अक्षता दिल्या. सुधाकर पत्नीसह आला होता आणि मंगलाष्टके चालू असताना देखील त्याला कशाचे तरी हसू येत होते.

वसंताची बदली पुढे नंदिनीला, कारखान्याच्या चुनखडीच्या खाणींवर झाली. गार्डसाहेब निवृत्त झाले. माझे त्यांचे भेटणे विरळ होत गेले. शेवटचे दर्शन घडले ते दुर्गच्या बस अड्ड्यावर, उन्हाळ्यात. मी मोहन नगरातील एका घरची सत्यनारायणाची पूजा आटोपून परतत होतो. नंदिनीची बस उभी होती, आणि खिडकीशी गार्डसाहेब बसले होते. कोट गळ्यापर्यंत बंद. मांडीवर एक नवा कोरा सागवानी पाळणा होता, इतका मोठा की त्याच्या दांड्यांमधून त्यांचा चेहरा दिसत होता आणि शेजारच्या प्रवाशाला अर्ध्या जागेवर बसावे लागले होते. पाळण्याच्या कड्यांना कोणी तरी लाल-हिरव्या लाकडी चिमण्या टांगल्या होत्या; बसचे इंजिन थरथरे तशा त्या एकमेकींवर आपटत.

कंडक्टर आला. त्याने पाळण्यात डोकावून पाहिले. "बाबा, इतना बड़ा झूला लेके बैठे हो, अंदर तो कोई नहीं है?"

"है," गार्डसाहेब म्हणाले. "नंदिनी में है. परसों आया."

"लड़का कि लड़की?"

"लड़की."

कंडक्टरने शेजारच्या प्रवाशाला पुढे सरकायला सांगितले. मी खिडकीजवळ जाऊन अभिनंदन केले आणि विचारले, "नाव काय ठेवणार?"

त्यांनी पाळण्याच्या दांडीवर हात ठेवला. "तिच्या मायबापाले विचारून राहिलो, शास्त्रीजी. ते म्हणतात, तुमीच ठेवा. म्हणून आता जाऊन तिलेच विचारतो."

बस सुटली. लाल धुळीच्या लोटात ती जेल रोडकडे वळेपर्यंत मला खिडकीतून बाहेर आलेली पाळण्याची एक दांडी आणि तिच्यावरची हिरवी चिमणी दिसत राहिली.

वाचकहो, आपल्या घरी पाळणे हलोत. आपल्या लेकी मनातले मनात न ठेवता बोलोत आणि आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना ते ऐकू येवो. देवासमोरचा विडा आपल्या घरात योग्य हाताने योग्य हाती जावो. चूक झालीच, तर ती पाहून हसणारा एक निर्मळ पाहुणा आपल्या मांडवात असो. आपल्या कुटुंबाचे, शेजाऱ्यांचे व या पोलादाच्या गावाचे मंगलमूर्ती निरंतर कल्याण करो. इति शुभम्.